हात न लावलेलं पाणी

कर्जतच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे श्रीपतराव ओक पुरोगामी होते, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहावी याची काळजी ते स्वतःच घेत. प्रयोगशाळेतला शिपाई धर्माजी, त्याच्या दहिवलीच्या घरी आपण चहा पितो, हे स्टाफरूममध्ये वर्षातून चारदा तरी निघे. चहा प्रत्यक्षात एकदाच झाला होता, धर्माजीच्या मुलीच्या लग्नात, तोही उभ्याउभ्या.

एकोणऐंशी साली श्रीपतरावांनी काचेवर कथलाच्या ऑक्साइडचा थर चढवायला घेतला. कथलाचं क्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं, काचेची पट्टी चारशे अंशांवर तापवायची आणि घशात औषध मारायच्या पंपाने ते द्रावण तिच्यावर हलकेच फवारायचं. पाण्याची वाफ होते, मागे थर राहतो. इतका पातळ की काच आरपार दिसते, आणि तरी तिच्यातून वीज वाहते. मीटरच्या दोन पिना टेकवल्या की काटा हलतो. काटा हलला की पीएच.डी.

काटा हलेना. नऊ पट्ट्या झाल्या, नऊही ताक सांडल्यासारख्या पांढुरक्या.

डिस्टिल्ड वॉटर धर्माजी तयार करी. श्रीपतराव त्याला एरवी 'तुम्ही' म्हणत. त्या दिवशी रागात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"धर्माजी, पाण्याला हात लावलास तू?"

समोर वीस पोरं लंबक मोजत उभी होती. लंबक हलत राहिले, पोरं थांबली.

"नाय सर," धर्माजी म्हणाला, आणि हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

धर्माजीचा बाप सत्तावीस साली महाडच्या तळ्यावर चालत गेला होता. हे श्रीपतरावांना माहीत होतं, कारण गॅदरिंगच्या भाषणात त्यांनीच ते सांगून टाळ्या घेतल्या होत्या. त्यांना म्हणायचं होतं ते वेगळं: हाताच्या घामात मीठ असतं, मिठाने द्रावण बिघडतं. हा शास्त्रीय अर्थ त्यांनी तिथल्या तिथे समजावून सांगितला. जरा जास्तच वेळ समजावला.

मग प्राचार्यांना चिठ्ठी लिहिली: शिपायाच्या हलगर्जीमुळे द्रावण दूषित झाले. धर्माजी अकरा वर्षं हंगामी होता. त्याला कायम करण्याचा कागद सोमवारी मुंबईला जायचा होता. प्राचार्यांनी तो ड्रॉवरमध्ये सरकवला.

शनिवारी धर्माजी कपाट पुसत होता. "सर, ह्यो गडू कुनाचा?"

तांब्याचा इवलासा गडू. तोंडाचं सील फोडलेलं, आतून हिरवा. श्रीपतरावांनी तो ओळखला. सासूबाईंनी काशीहून आणलेला, बारा वर्षं देव्हाऱ्यात होता. प्रयोगाच्या शुभारंभाला बायकोने पिशवीत घातला होता, आणि कोणी पाहत नाही असं बघून त्यांनी पाऊण गडू डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत ओतला होता. ते विसरले नव्हते. पण गंगाजलाने पाणी बिघडेल, हे एम.एस्सी. फर्स्ट क्लास डोक्यात आलंच नव्हतं. हात लावल्याने मात्र बिघडेल, हे चटकन आलं होतं.

"नवीन बाटली भरून ठेवलीय," धर्माजी म्हणाला. "मारून बघा."

पट्टी तापली, फवारा बसला, थंड झाली. धर्माजीने ती उजेडात धरली तेव्हा तिच्यातून पलीकडचा माथेरानचा डोंगर स्वच्छ दिसला. पिना टेकवल्या. काटा सरळ उजवीकडे गेला. तो न हलता तर बरं, असं श्रीपतरावांना वाटून गेलं.

"मी साहेबांना लिहून देतो. तांत्रिक कारण होतं म्हणून."

"तांत्रिक म्हंजी कोन, सर?"

"म्हणजे... कोणी असं नाही."

"हितं पान्याजवळ मीच असतो. तांत्रिक म्हंजी मीच की."

श्रीपतरावांनी तीन कागद फाडले. 'बाह्य घटक' झालं, 'अनवधानाने' झालं. चौथ्यावर लिहिलं: द्रावणाच्या पाण्यात मी स्वतः गंगाजल ओतले होते. धर्माजी यांचा दोष नाही.

प्राचार्यांनी तो स्टाफरूममध्येच उघडला आणि सवयीने मोठ्याने वाचला. कोणी हसलं नाही. रसायनाच्या रजियाबाईंनी फक्त विचारलं, "किती मिली?"

"पाऊण गडू," श्रीपतराव म्हणाले. मग हसले, सगळेच.

सोमवारी कागद मुंबईला गेला. ते सांगायला श्रीपतराव संध्याकाळी दहिवलीला गेले. धर्माजीने ऐकून घेतलं, मान हलवली. चंद्राबाईने, त्याच्या बायकोने, तांब्या-पेला आणला. धर्माजीने पेला स्वतः भरून पुढे केला.

"घ्या सर. हात लावलेलं हाय."

"अवो, पावन्याला असं काय बोलता?" चंद्राबाई म्हणाली. "हात लावल्याबिगर पानी देतात व्हय कुनी?"

म्हणजे धर्माजीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. श्रीपतरावांनी पेला घेतला. तहान नव्हती. ते सगळं पाणी प्यायले आणि रिकामा पेला कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून बसले.

"च्या ठेवते," चंद्राबाई उठत म्हणाली.

"नको, नको," ते म्हणाले.

स्टाफरूममध्ये त्यानंतर दहिवलीच्या चहाचा विषय निघाला नाही.