कॉलेजला नकार द्यायची रीत

हौशीराम सोयरिकी जुळवायचा. कुरवंड्यात त्याची भातशेती होती, पण ती आपली पोटापुरती. खरा जीव सोयरिकीत. कामशेतापासून वलवणापर्यंत जेवढी नवरा-बायको भांडत होती, त्यातली निम्मी यानंच एकत्र आणलेली, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. पण माणूस रीतीचा पक्का. सुपारी फुटली की दुसऱ्या स्थळाकडं ढुंकून बघायचं नाही. नकार द्यायचा तर कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. स्वतः जायचं, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं आणि तोंडावर सांगायचं. आणि सगळ्यात मोठी रीत म्हणजे पाटावर बसलेल्या पोरीला विचारल्याशिवाय सुपारी फोडायचीच नाही. एका पोरीनं नुसती नकाराची मान हलवली म्हणून त्यानं कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचं स्थळ मोडलं होतं. ही गोष्ट तो ओळख नसलेल्या माणसालाही सांगायचा.

तर या हौशीरामची एकुलती एक लेक शालन. चौसष्ट साली तिनं मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुण्याला दोन ठिकाणी अर्ज केले. एक बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात, मास्तरीण होण्यासाठी, आणि दुसरा सायन्स कॉलेजात. ट्रेनिंगवाल्यांना भलतीच घाई. त्यांनी मे महिन्यातच मुलाखत घेतली आणि निकालाची वाट न बघता कळवून टाकलं की पास झाली की या, जागा तुमचीच, राहण्याजेवण्याची सोयही आमच्याकडं. हौशीरामनं गावभर साखर वाटली.

साखर वाटून घरी आला आणि म्हणाला, "आता त्या दुसऱ्या कॉलेजला न्हाई म्हणून सांगाया पायजे. बिचारे वाट बघत असतील."

 पण शालनचा जीव अडकला होता तो त्या दुसऱ्या कॉलेजात. लोणावळ्याच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो वर्षभर कपाटात कुलूपबंद असायचा, एक दिवस बाहेर यायचा, अख्ख्या वर्गाला कांद्याची साल दाखवायचा आणि पुन्हा आत. शालननं त्यातून बघितलं आणि तिथंच घोटाळा झाला. रोज चिरतो त्या कांद्यात एवढ्या खोल्या आहेत आणि आजवर आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा तिला रागच आला. तो राग अजून उतरला नव्हता. जिथं ते कपाट उघडं असतं तिथं तिला जायचं होतं.

पण ती वेडी नव्हती. ट्रेनिंग सोडलं आणि सायन्सनंही घेतलं नाही तर घरी बसावं लागलं असतं, आणि सोयरिकी जुळवणाऱ्याच्या घरात मॅट्रिक झालेली पोरगी रिकामी बसणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. म्हणून निकालापर्यंत दोन्ही अर्ज जिवंत राहावेत एवढंच तिचं म्हणणं. थोडी लबाडी होती त्यात, पण तिची तयारी होती.

"आबा, निकाल लागूस्तवर ऱ्हाऊ द्या की त्यो अर्ज," ती म्हणाली.

"म्हंजी दोन स्थळं झुलवत ठिवायची? माज्या घरात?"

"कॉलेजला काय आबा, ढिगानं अर्ज येत्यात."

"मग त्यातल्या येकानं तरी सरळ वागाया नगं का?"

चुलीपाशी तिची आई मुक्ताबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "भाताचं रोप टाकताना खाचरापुरतंच टाकता व्हय तुमी? मेलं-गेलं म्हणून चार मुठी जास्तीच टाकता की."

"रोपाला शबूद दिल्याला नसतो," हौशीराम म्हणाला.

"मी तरी कुटं दिलता? तुमच्या बापानं माज्या बापाला दिलता."

हौशीराम टोपी शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी बापलेक पुण्याला गेले. कॉलेज दाखवायला शालन हवी होती, म्हणजे स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरायची तर वाटही तिनंच दाखवायची. कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क बसला होता. हौशीरामनं आधी प्यायला पाणी मागितलं. त्यानं बाहेरच्या नळाकडं बोट दाखवलं. हौशीराम गेला, ओंजळीनं पाणी प्यायला, तोंड पुसत आत आला आणि पिशवीतला नारळ टेबलावर ठेवला.

"राग मानू नगा," तो म्हणाला. "तुमच्यात काय खोट हाय म्हणून न्हाई. पर पोरीचं दुसरीकडं जमलंय. तुमालाबी मिळंल कुणीतरी चांगली."

शालनला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हेडक्लार्कला प्रकरण उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा तो मनसोक्त हसला.

"अहो पाहुणे, तुमची वाट बघतंय कोण? खेड्यातल्या मुली येतात आणि दिवाळीला गेल्या की परत फिरकत नाहीत. हिला तशीही जागा मिळाली नसती. अर्ज ठेवा नाहीतर न्या, आम्हाला सारखंच."

हौशीरामचा चेहरा बदलला. नकार त्यानं आयुष्यभर पचवले होते, इकडचे तिकडं पोचवले होते, पण हा प्रकार त्याला नवा होता.

"म्हंजी तुमीच न्हाई म्हणताय?"

"तसं समजा."

"पोरीला समोर बसवली न्हाई, येक सवाल इचारला न्हाई, आन् न्हाई?" त्यानं नारळ उचलून पुन्हा पिशवीत टाकला. "त्यो अर्ज हाय तितंच ऱ्हाऊ द्या. हितं न्हाई म्हणाया मी आलोय, तुमी न्हवं. आदी तुमी व्हय म्हणा. मंग मी न्हाई म्हणतो."

परतीच्या गाडीत हौशीराम तळेगाव येईपर्यंत धुमसत होता. शालन खिडकीबाहेर तोंड करून बसली होती, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. शालनला लोणावळ्याच्या शाळेत कुणालाच पडले नव्हते एवढे मार्क पडले, त्यातही शास्त्रात जास्त. तिनं ते कळवले आणि आठवडाभरात सायन्स कॉलेजचं उत्तर आलं. त्यांनी होय म्हटलं होतं.

हौशीरामचा आनंद गगनात मावेना. देव्हाऱ्यातला तोच नारळ त्यानं पिशवीत घातला, टोपी झटकली आणि म्हणाला, "चल शालन. आता कसं तोंडावर न्हाई म्हणून येतो बघ."

शालन हलली नाही. तिनं कोपऱ्यातला पाट ओढला, घराच्या मधोमध मांडला, डोक्यावर पदर घेतला आणि मांडी घालून बसली.

"ह्ये काय?" हौशीराम म्हणाला.

"आबा, ट्रेनिंगची सुपारी फोडली तवा पोरीला इचारलंवतं का?"

हौशीराम उभाच राहिला. दारोदारच्या पोरींना त्यानं विचारलं होतं. लाजणाऱ्यांना, रडणाऱ्यांना, बापाच्या धाकानं गप्प बसलेल्यांना. त्या व्यापाऱ्याची गोष्ट तर तो कालच पोस्टमनला सांगत होता. आणि आपल्या घरात त्यानं थेट साखर वाटली होती. त्याला लाज वाटली, आणि ती लपवायला घरात जागा नव्हती. तो टोपी काढून लेकीसमोर खाली बसला.

"पोरी," तो नेहमीच्याच शब्दांत म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता, "तुज्या मनात काय हाय? भिऊ नगं."

"सायन्स," शालन म्हणाली, आणि इतके दिवस दाबलेलं रडू तिला एकदम आलं.

हौशीरामनं पिशवीतला नारळ चाचपला. "मंग ट्रेनिंगवाल्यांकडं जाया पायजे," तो म्हणाला. "चूक माजी हाय, त्यांची न्हाई. पाणी पिऊन, हात जोडून सांगतो. तुजी जागा दुसऱ्या कुणाला तरी व्हईल." मग म्हणाला, "त्या हेडक्लार्कला न्हाई म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं."

शालन डोळे पुसत पाटावरून उठली. पाट उचलायला वाकली तर आईनं तिचा हात धरला. मुक्ताबाईनं पिठाचे हात झटकले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच पाटावर नवऱ्यासमोर बसली.

"आता मला इचारा. आपल्या सुपारीच्या येळंला ऱ्हाऊन गेलंवतं," ती म्हणाली.

हौशीराम हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं घसा खाकरला आणि विचारलं.

 मुक्ताबाई विचार करायला लागली. हौशीराम टोपी हातात धरून उत्तराची वाट बघत बसला, आणि पुण्याची गाडी गेली.