मुळांना चिकटलेली माती

मित्रांनो, मी मातीची एक कुंडी. जुनी, थोडी कलती आणि दिसायला यथातथाच. चाकावरून उतरवताना कुंभाराचे लक्ष दुसरीकडे होते. त्याचा अंगठा माझ्या काठावर दाबला गेला आणि तो खळगा भट्टीत तसाच पक्का झाला. कुंभाराने मला मागच्या रांगेत ठेवले होते, पण सिस्टरांनी नेमके मलाच उचलले. "हिला धरायला बरं आहे," एवढेच त्या म्हणाल्या. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत काम केलेल्या परिचारिका. निवृत्त झाल्या तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. दोन खोल्या, एक गॅलरी आणि त्या एकट्या. घर असे की धुळीलाही आत यायला संकोच वाटावा. चमचे एकाच दिशेला तोंड करून निजलेले, फडकी उकळून वाळत घातलेली, आणि हात धुण्याचे तर विचारूच नका. अशा घरात मातीने भरलेल्या कुंडीला कोण मान देणार? मी बराच काळ गॅलरीत पालथी पडून होते. फरशी पुसायचे फडके माझ्या पाठीवर वाळायचे. कुंडीचा जन्म घेऊन फडक्याची खुंटी होणे काय असते, ते मला विचारा.

सिस्टरांना एक लेक. ती लहान असताना आईच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. त्यामुळे ती आईपेक्षा शेजाऱ्यांच्या घरातच जास्त वाढली. आता ती दूर डोंगरातल्या एका गावात राहते. दर रविवारी तिचा फोन येई. घरात फोनला रेंज नीट लागत नाही, म्हणून सिस्टर गॅलरीत येऊन स्पीकर लावून बोलत आणि सगळे माझ्या कानावर पडे.

"सगळं ठीक?"

"ठीक. तिकडे?"

"ठीक."

मग दोघी थोडा वेळ हवापाण्याचे बोलत आणि फोन ठेवत. फोन ठेवल्यावरही सिस्टर कठड्याला टेकून उभ्या राहत. मी पालथी होते, पण मला कळायचे. दोघींचे एकमेकींवर प्रेम होते, फक्त ते बोलायला विषय सापडत नव्हता.

एका रविवारी लेक म्हणाली, "आई, आम्ही घर बांधायला घेतलंय. दारात पाइनचं झाड लावायचंय. तू वाढवून देशील?"

"तिकडे रोपं मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण तुझ्या हातचं हवंय."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि लगेच त्यांनी मला सरळ करून खसाखसा घासायला घेतले.

मग लेकीकडून एक खोके आले. त्यात पाइनची सुकी फळे होती, लाकडी खवल्यांची. ती वाटेत आपटू नयेत म्हणून झाडाखालचीच भुसभुशीत काळी माती आणि गळलेल्या सुयांसारख्या पानांचा थर भोवती भरला होता. फळे उन्हात ठेवल्यावर खवले उघडले आणि आतून पंख असलेल्या बिया निघाल्या. सिस्टरांनी त्या पाण्यात टाकल्या, बुडाल्या तेवढ्या घेतल्या आणि ओल्या वाळूत घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवली. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका बर्फ मागायला आले, तर त्यांना बरणी दिसली.

"सिस्टर, ही वाळू उकडायची की तळायची?"

"बियांना हिवाळा दाखवतेय. थंडी लागल्याशिवाय त्यांना उगवायचं सुचत नाही."

"मला तर थंडीत काहीच सुचत नाही," असे म्हणत काका बर्फ घेऊन गेले.

थंडी पुरेशी झाल्यावर बिया माझ्यात पेरल्या गेल्या. खोक्यातली काळी माती टाकून देणे सिस्टरांच्या जिवावर आले, म्हणून तीही वाळूत मिसळून त्यांनी माझ्यातच भरली. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढचे सगळे रामायण त्या मातीवरून घडले.

कोंब वर आले ते डोक्यावर बियांच्या टरफलांच्या टोप्या घालूनच. टोपी पडली की बारीक हिरव्या सुयांचा झुबका उघडे. एक बी मात्र सगळ्यांच्या मागून, आम्ही आशा सोडल्यावर उगवले आणि तेही वाकडे. सिस्टरांनी त्याचे नाव ठेवले शेंडेफळ. त्या रोज मला थोडेसे वळवून ठेवत, म्हणजे रोपे उन्हाकडे झुकून वाकडी होऊ नयेत. बोट मातीत खुपसून ओल पाहत आणि वरची माती सुकली असेल तरच पाणी देत. पाइनला ऊन हवे, वारा हवा आणि पाय ओले राहायला नकोत, हे त्यांना पक्के कळले होते.

रविवारचे फोन आता लांबू लागले. "आज टोपी पडली का गं?" "पडली. आता दुसरीही सुटायला आलीय." लेक हसे, सिस्टर हसत. मी भरलेली होते, उपयोगाची होते आणि आनंदात होते.

पोटातली गोष्ट मात्र फक्त मलाच माहीत होती. रोपांची मुळे माझ्या भिंतीपर्यंत पोचली तेव्हा त्यांच्याबरोबर पांढरे, कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक धागेही आले. ते त्या काळ्या मातीतून आले होते. मूळ जिथे पोचत नाही तिथून हे धागे त्याला पाणी आणून देत आणि मूळ त्यांना आपल्या गोडव्यातला वाटा देई. एकमेकांवाचून दोघांचेही पान हलत नसे. हे सांगायला मला तोंड असते, तर पुढचा अनर्थ टळला असता.

रोपे वाढली, माझ्यात दाटी झाली. सिस्टरांनी चकचकीत प्लास्टिकच्या नव्या कुंड्या आणल्या. नवी माती कढईत भाजून घेतली, का तर जंतू नकोत. मग त्यांनी मला आडवे केले, मातीचा गोळा हलकेच अर्धवट बाहेर ओढला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बुरशी. माझ्या घरात बुरशी."

जन्मभर ज्या बाईने जखमांपासून घाण दूर ठेवली, ती दुसरे काय करणार? त्यांनी हातमोजे घातले. जंतू मारणाऱ्या पोटॅशचे गुलाबी पाणी केले. एकेका रोपाची मुळे त्यात बुडवून धागा न धागा धुऊन काढला. इतक्या मायेने कुणी कुणाचे नुकसान केलेले मी पाहिले नाही. शेंडेफळाची मुळे माझ्या कलत्या भिंतीला घट्ट चिकटली होती, ते काही बाहेर येईना. "याला एवढं झेपायचं नाही," असे म्हणून सिस्टरांनी त्याला माझ्यातच राहू दिले आणि आम्हा दोघांना गॅलरीच्या टोकाला, पन्हळीखाली सरकवले.

तिथे ऊन होते, वारा होता, पाऊसही होता. माणूस तेवढे नव्हते. सिस्टर समोरच्या चकचकीत रांगेपाशी वाकून बसत आणि आमच्याकडे नुसती नजर टाकून आत जात. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? शेंडेफळाला बोलता येत नव्हते आणि मला हलता येत नव्हते. दिवसचे दिवस आम्ही एकमेकांना धरून होतो.

मग समोरची रांग पिवळी पडू लागली. सिस्टरांनी औषध दिले, पाणी वाढवले, शेवटी गारठा लागत असेल म्हणून कुंड्या खोलीत नेल्या. तिथे ऊनही गेले. आजाऱ्याला करावे तसे सगळे केले आणि रोपे एकेक करून वाळत गेली. रविवारी लेक विचारे, "झाडं कशी आहेत?" सिस्टर म्हणत, "छान आहेत." फोन ठेवल्यावर त्या आत जाऊन पुन्हा रोपांची पाने चाचपत. घर पूर्ण होत आले होते, लेक झाड न्यायला यायची होती आणि तिने आईकडे मागितलेली ही एकमेव वस्तू होती.

एका दुपारी वाळलेले रोप टाकून द्यायला त्या गॅलरीत आल्या. शेंडेफळाच्या शेंड्याला नवा, पांढुरका, ताठ कोंब फुटला होता. त्या थबकल्या. ज्या सिस्टर झाडल्याशिवाय फरशीवर कधी टेकत नसत, त्या न झाडलेल्या फरशीवर मांडी घालून बसल्या. माझ्या काठाशी बोटाने माती उकरली. पांढरे धागे तसेच होते, जिवंत. त्यांनी वाळलेल्या रोपाची मुळे शेजारी धरली. ती अगदी स्वच्छ होती, बोडकी आणि तपकिरी. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

दुरुस्त केलेले भिंतीवरचे घड्याळ घेऊन काका आले, तरी त्या उठल्या नाहीत.

"काय झालं सिस्टर?"

"मी यांची बुरशी धुतली. ती बुरशी नव्हती हो, यांचं गणगोत होतं. स्वच्छ करून करून मारली मी."

काका घड्याळ मांडीवर घेऊन तिथेच टेकले.

शेवटी सिस्टर उठल्या आणि स्वयंपाकघरातला जेवणाचा चमचा घेऊन आल्या. त्या चमच्याने त्यांनी माझ्या काठाकडची माती धाग्यांसकट काढली आणि उरलेल्या दोन रोपांच्या मुळांशी घातली. दोन्ही पुन्हा उन्हात ठेवली. त्यातले एक गेले. दुसऱ्याने तग धरला.

त्या रविवारी त्यांनी लेकीला खरे सांगून टाकले. "माझ्या हातून झाडं गेली गं. एकच धड आहे, तेही वाकडं."

"वाकडं चालेल, आई."

लेक आली. शेंडेफळ मला सोडायला तयार नव्हते. त्याची मुळे माझ्या अंगाला वेढे घालून बसली होती. ओढले असते तर तुटली असती.

"कुंडी फोड ना," लेक म्हणाली, "जुनीच तर आहे."

"जुनी आहे म्हणून नाही फोडत," सिस्टर म्हणाल्या. "याची माती हलू नये म्हणून फोडते."

मित्रांनो, मी घाबरले. कुणालाही वाटेल तशी भीती मला वाटली. सिस्टरांनी अंगठ्याच्या खळग्यात बोट ठेवून मला धरले आणि हातोडीचा हलका घाव घातला. मी फुटले. शेंडेफळ मातीच्या गोळ्यासकट उभे राहिले, एक धागाही न तुटता. सिस्टरांनी तो गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून लेकीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "झटकू नकोस. तसंच लाव."

ती गेल्यावर त्यांनी माझे तुकडे गोळा केले. बाकीचे कचऱ्यात गेले. एक तुकडा, म्हणजे आताची मी, त्यांनी नव्या कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवला, पाणी वाहून जावे आणि माती राहावी म्हणून. वर तग धरलेले ते रोप आहे. इथे अंधार आहे आणि कचऱ्यातून माझे बाकीचे अंग कुठे गेले मला ठाऊक नाही. घरही फार शांत आहे. काका येतात, घड्याळाला किल्ली देतात आणि जातात.

परवाच्या रविवारी फोन आला. लेकीने सांगितले, झाडाने नव्या जागी मूळ धरले. मग नेहमीसारखे दोघींचे बोलणे संपले. सिस्टर फोन ठेवणार इतक्यात लेक म्हणाली, "झाडाचं झालं. तू कशी आहेस? आणि ठीक म्हणू नकोस."

सिस्टर नव्या कुंडीला पाणी घालत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. पाणी मातीतून उतरत माझ्यापर्यंत आले, भोकातून बाहेर पडले आणि फरशीवर पसरले, तरी त्यांना भान नव्हते.

"मला करमत नाही गं," त्या म्हणाल्या. "फार एकटं वाटतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नव्हतंस."

मित्रांनो, घरी रोप वाढवाल तेव्हा त्याला ऊन द्या, पाणी बेताने द्या आणि जागा बदलताना मुळांची माती झटकू नका. दूरच्या माणसाला फोन कराल तेव्हा झाडाची चौकशी जरूर करा. ती झाली की लगेच फोन ठेवू नका.