परमिट घेतलं का?

आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, घरातलं एक बटण सुखानं राहू देत नाहीत. मंद्रूपकडच्या वस्त्यांवर पहिले खांब रोवून वीज नेणारा हा इंजिनियर माणूस. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोक्यातलं सगळं पुसत चाललंय, पण हात काही गप्प बसत नाहीत. आज दुपारी चालू बोर्डात बोट घालायला निघाले. मी कसंबसं मागं ओढलं आणि घराचा मेन स्विचच बंद केला.

"लाइट गेली हो," म्हटलं. इथंच माझी अक्कल गहाण पडली. लाइट गेली की भरल्या ताटावरून उठून जाणारा माणूस तो, घरात बसेल होय? मी माठातलं पाणी घेऊन वळते तर दार सताड उघडं!

अय्यो शिवा! एप्रिलचं ऊन, त्यांच्या पायात चप्पल नाही. कोपऱ्यापर्यंत पळत गेले तर ट्रान्सफॉर्मरखालच्या डीपीचं, त्या फ्यूजच्या पेटीचं, दार उघडून साहेब आत हात घालायच्या बेतात. त्या मेल्या दाराला कुलूप कधी असतंय! ओरडावं तर दचकून हात आत जाईल. मागून ओढावं तर झटापटीत तारेला लागेल. लई घाबरले.

"साहेब, परमिट घेतलं का?" हळूच विचारलं.

लाइन बंद केल्याचं सबस्टेशनचं परमिट मिळाल्याशिवाय तारेला शिवायचं नाही, हे ते झोपेतसुद्धा बडबडायचे. हात मागं आला.

"नाही घेतलं," खाली मान घालून म्हणाले.

मी दार लोटलं, त्यांचा दंड धरला. "चला घरी."

"परमिट येईपर्यंत जागा सोडायची नाही," म्हणत तापल्या डांबरावर फतकल मारून बसले की! परमिट आलं म्हणावं तर पुन्हा हात घालतील. नाही आलं म्हणावं तर उन्हानं जातील. काय करू मी बाईमाणूस?

"तुम्ही जा बाई," मलाच म्हणाले. "माझी बायको घरात उकाड्यात बसलीय. लाइट दिल्याशिवाय मी उठत नसतो."

"अहो, मीच की तुमची धनलक्ष्मी!" मला रडूच फुटलं.

त्यांनी निरखून बघितलं. "छे. आमची धनू रडत नाही. ती खेकसते."

मग काय, हुंदका गिळला आणि गल्ली गोळा होईल असं खेकसले, "उठताय का ओढत नेऊ?"

साहेब लगबगीनं उठले. "आलो गं धनू, आलो."

घर येईपर्यंत मी त्यांच्या पुढं पुढं चालले. माझं रडवेलं तोंड दिसलं असतं तर पुन्हा बसले असते.