चारसाबाची तोंडी परीक्षा

पद्मनाभ अण्णा जहाजावर चारसाब होता. कागदावर त्याला फोर्थ एंजिनिअर म्हणत, पण एंजिनखोलीतल्या खलाशांना एवढं लांबलचक कोण सांगतं? सगळ्यांत वर बडासाब, मधे तीनसाब, आणि सगळ्यांची बोलणी निमूट खाणारा तो चारसाब. कप्तान ऐन तिशीतला असला तरी त्याचं नाव ‘म्हातारा’. ही सगळी बोली अण्णानं रजेवर येताना मैलापूरच्या घरात आणली होती. आणली खरी, पण ती बोलायची त्याची धाकटी बहीण तुळसीच. अण्णा मुळात बोलायचाच कमी.

आणि नेमकं तेच आता नडत होतं. सेकंड एंजिनिअरचं सर्टिफिकेट मिळवायला बंदराजवळच्या कचेरीत परीक्षा द्यावी लागे. लेखी पेपर त्यानं पहिल्याच झटक्यात मारले होते. तोंडीत मात्र दोनदा आपटला. आता येत्या गुरुवारी तिसरी खेप. तेवढ्यात वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत त्याच्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती आणि शुक्रवारी हो की नाही ते कळवायचं होतं. अण्णानं स्वतःच सांगून टाकलं होतं, “या वेळीही आपटलो तर मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसतो.” तुळसीला ते मुळीच पटलं नाही. समुद्राशिवाय अण्णा? मग तो कसला अण्णा!

तुळसी पंधरा वर्षांची. नुकताच तिनं शाळेत फळ्यापुढे उभं राहून अख्ख्या वर्गाला पाण्याचा पंप समजावून दिला होता आणि बाई म्हणाल्या होत्या, “शाबास!” तेव्हापासून जगात आपल्याला शिकवता येणार नाही असं काही उरलेलं नाही, अशी तिची पक्की खात्री झाली होती. रविवारी सकाळी तिनं अण्णाला खुर्चीत बसवलं, वही उघडली आणि अप्पांचा चष्मा नाकावर चढवला.

“मिस्टर पद्मनाभ, गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं. काय कराल?”

गेज ग्लास म्हणजे बॉयलरला लावलेली काचेची नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यावरून कळतं. अण्णानं तोंड उघडलं, मिटलं.

“अण्णा, तुला येतं ना रे?”

“येतं गे. हाताला येतं, तोंडाला येत नाही.” तो गुडघ्यांकडे बघत म्हणाला, “खाली एवढा धडधडाट असतो, तिथं कोण कुणाशी बोलतं? तीनसाबनं दोन बोटं दाखवली की मी पंपाकडे जातो. बेअरिंग तापलंय का ते हाताच्या पाठीनं बघतो. चार तासांची पाळी आणि चार शब्द नाहीत! आणि इथं खुर्चीत बसवून विचारतात. बसलो की मला एंजिनच दिसत नाही.”

“मग वाच आणि पाठ कर!”

“दोनदा केलं.”

स्वयंपाकघरातून सकवारबाई आत्यांचा आवाज आला, “मास्तरीणबाई, इडल्या झाल्या की मग शिकवा! आधी चटणीला नारळ खवून द्या.”

तुळसी पाय आपटत आत गेली. अण्णा सुटका झाल्यासारखा तिच्यामागोमाग आला. चुलीवर इडलीचं भांडं खदखदत होतं आणि त्याच्या तळाशी आत्यांचा जुना ढब्बू पैसा खडखडत होता. आत्या नेहमीच तो पाण्यात टाकत. पैसा वाजतोय तोवर पाणी आहे, वाजायचा थांबला की पाणी आटलं. झाकण न उघडता कळतं.

तुळसी नारळ खवत होती. आत्या शेजारच्या घरातल्या लग्नाची हकिगत सांगत होत्या, अगदी रंगात येऊन. आणि एकाएकी अण्णानं मान वर केली. पैसा गप्प झाला होता.

“अय्यो!” म्हणत आत्यांनी गार पाण्याचा तांब्या उचलला.

“पाणी नको!” अण्णा एवढ्यानं ओरडला की तुळसीच्या हातून खवणी सुटली. “आधी आग ओढा! आग!” त्यानं स्वतःच वाकून जळती लाकडं बाहेर ओढली आणि भांड्यासमोर ताठ उभा राहिला. “तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की पत्रा फाटतो. आधी नळीतून वाफ सोडून ग्लास फुंकायचा आणि खात्री करायची, पाणी खरंच गेलंय का नळीच चोंदलीय. गेलं असेल तर आगी बंद, आत जाणारं फीडचं पाणी बंद, बडासाबला वर्दी. बॉयलर आपोआप निवू द्यायचा. तोवर पाण्याला हात लावायचा नाही!”

एवढं सगळं त्यानं आधी मराठीत आणि मग, कुणी विचारलं नसताना, खणखणीत इंग्रजीत सांगितलं.

आत्या तांब्या हातात धरून तशाच उभ्या. “काय गा पद्दू, तुला तोंड आहे म्हणायचं!”

तुळसी मात्र टाळ्या पिटत नाचायला लागली. “उभा राहिलास! अण्णा, तू उभा राहिलास आणि समोर बॉयलर होता!”

दुपारपर्यंत तिनं खडूनं अख्खं घर रंगवलं. चूल म्हणजे बॉयलर. न्हाणीघरातला तांब्याचा बंब म्हणजे डाँकी बॉयलर, बंदरात वापरायचा धाकटा. वाटायचा दगड कंडेन्सर, वाफेचं परत पाणी करणारा. परसातली लांब बोळ म्हणजे जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचं टनेल. जहाजाच्या तळाशी घाण पाणी साचतं त्या जागेला बिल्ज म्हणतात, म्हणून मोरीवर मोठ्या अक्षरांत ‘बिल्ज’. दारावर पुठ्ठ्याचा टेलिग्राफ ठोकला. जहाजावर म्हातारा वरून हुकूम देतो तो याच्यावर काटा फिरवून.

“माझ्या मोरीवर कुणी गे लिहिलं?” आत्या कडाडल्या.

“तुम्ही बडासाब आहात, आत्या. तुमच्या हुकमाशिवाय इथलं काही हलत नाही.”

“ते तर आहेच,” म्हणून आत्या विरघळल्या आणि मोरी बिल्जच राहिली.

तीन दिवस अण्णा घरभर चालत होता. तुळसी काटा फिरवी, प्रश्न फेकी, आणि तो चुलीपासून टनेलपर्यंत, वस्तूंना हाताची पाठ लावत, बोलत जाई. बुधवारी तर अप्पाही वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत बसले. चहा थंड झाला त्यांचा.

गुरुवारी शाळेत तुळसीच्या पोटदुखीची चिठ्ठी गेली. लिहिली खुद्द आत्यांनी! अण्णाच्या खिशात त्यांनी तो ढब्बू पैसाही टाकला.

कचेरीसमोरच्या फुटपाथवर, झाडाखाली, तुळसी डबा घेऊन बसली. दहाला अण्णा आत गेला. अकरा वाजले. बारा. बंदरात कुठलं तरी जहाज भोंगा वाजवत होतं आणि तिला वाटलं, उद्यापासून हा आवाज अण्णाला नुसता लांबूनच ऐकावा लागणार. खरंच पोटात दुखायला लागलं. त्याला उभं राहू दिलं नसेल तर? हे तिच्या डोक्यात आधी आलंच नव्हतं! शाबास, मास्तरीणबाई!

साडेबाराला तो पायऱ्यांवर दिसला. चेहऱ्यावरून काही कळेना. मधे बैलगाड्या, बस, रिक्षा. त्यानं रस्त्यापलीकडूनच उजवा हात वर केला आणि हवेतला काटा धरून फिरवला, पुढून मागे, मागून पुढे, आणि एका जागी आणून सोडला.

मुक्कामाला पोचल्यावर टेलिग्राफवर वरून शेवटचा हुकूम येतो, ‘फिनिश्ड विथ एंजिन्स’. एंजिनांचं काम संपलं. तेव्हा खाली सगळे घाम पुसतात, म्हणे. म्हणजे अण्णा पास! तुळसीनं डबा तिथंच टाकला आणि भोकाड पसरलं. मग हसली. मग परत रडली.

बसमध्ये अण्णा थांबेचना. “मी म्हटलं, सर, उभा राहू का, बसून मला एंजिन दिसत नाही. परीक्षक स्वतः जुने बडासाब. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, राहा, पण माझ्या टेबलावर काही लिहू नकोस! अगे, त्यांना कसं कळलं?”

“तुझ्या बाहीला खडू लागलाय, अण्णा.”

घरी अप्पांनी ऐकलं, मान हलवली आणि नुंगंबाक्कमला नाही कळवायला कार्ड काढलं. आत्यांनी मात्र आधी हात पुढे केला, “माझा पैसा?”

तो भांड्यात पडला. पाणी तापलं आणि पैसा खडखडायला लागला. तुळसी दाराशी उभी राहून ऐकत होती. चारसाब चुलीशेजारी पाटावर चक्क बसला होता, आणि बसल्या बसल्या बडबडत होता.