पिलांवरची मरळ

“पानी लाल दिसलं ना बेटा, की गळ गुंडाळायचा. मरळ पिलांवर असती तवा. भुकेनं नाय, रागानं गळ धरती ती.”

मासेमारी शिकवताना चांदपाशा चाचांनी पहिल्यांदा हेच सांगितलं होतं. आणि आता छावणीतल्या त्यांच्याच पंक्चरच्या दुकानात सुदर्शन त्यांच्यापुढं मोबाइल धरून उभा होता.

गुडघे गेल्यापासून चाचांचं तलावावर जाणं सुटलं होतं. वाळूजला कंपनीत कामाला असलेला हा त्यांचा चेला रविवारचे मासे त्यांना मोबाइलमध्ये आणून दाखवायचा. कधी रोहू, कधी कटला, बहुतेक वेळा चिलापीच. या रविवारची मरळ मात्र हातभर लांब होती. ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ कंपनीतल्या पोरांनी डोक्यावर घेतला होता.

“माशाल्ला! खाल्ली का?”

“श्रावण आहे ना चाचा. घरी रत्नमालाचे उपास चालू आहेत. दिली सोडून पाण्यात. पाप नको.”

“अच्छा किया.” चाचांनी मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले. “पयल्यापासून लाव की.”

सुदर्शननं व्हिडिओ मागं नेला. पहिल्याच दृश्यात त्याचं आमिष, रबरी बेडूक, पाण्यावर पडत होतं आणि शेजारीच शेंदूर सांडावा तसा ताटाएवढा लाल डाग हलत होता. मरळीची पिलं. तिथं बेडूक पडला की मरळ धावून येणारच, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तर टाकला होता.

व्हिडिओत सुदर्शन मरळ छातीशी धरून हसत होता. मग खाली बसून. मग तोंडावर ऊन नको म्हणून वळून पुन्हा. शेवटी त्यानं तिला पाण्यात सोडलं आणि हात जोडले. मागचं पाणी आता साधं, मातकट होतं. लाल डाग नव्हता. चिलापी तेवढ्या पचपच उसळत होत्या.

“नवस फेडल्यावानी हात जोडले रे,” चाचा हळूच म्हणाले. “सोडली खरी. पर पिलं गेल्यावर कुनाकडं सोडली?”

सुदर्शनला मान वर करवेना. चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मात्र नेहमीसारखा चहाचा कप त्याच्याकडं सरकवला.

“चिलापींनी सगळी पिलं खाल्ली असतील?”

“चार उरली असतील गवतात. नर-मादी दोघं राखतात त्यांना, मोठी होऊन काळी पडेस्तोवर. पर आता तुझं बघून लोक येतील ना गळ घेऊन.”

“मी बसतो तिथं, चाचा. दुपारपाळी आहे, रोज सकाळी जाईन. पिलं काळी पडेस्तोवर.”

चाचांनी नुसती मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

दुकानाबाहेर येताच त्यानं व्हिडिओ पुसून टाकला. पण तलाव कुठला, हे विचारणारे फोन सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नमाला तुळशीला पाणी घालत होती. “काल शेजारच्या काकूंना तुमचा व्हिडिओ दाखवला,” ती कौतुकानं म्हणाली. “म्हटलं, आमचे हे श्रावणात धरलेला जीवसुद्धा सोडून देतात.”

त्यानं खाली बघत चपला घातल्या.

“अहो, रॉड राहिला की घरातच!”

“राहू दे.”

“मग तिथं जाऊन करणार काय?”

“राखण,” तो म्हणाला, आणि बसायचं पोतं काखेत मारून बाहेर पडला.