जनार्दन या नावाचा अर्थ

माझे बाबा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत बसायचे. एकतीस वर्षं. नळाला पाणी नाही, आहे पण गढूळ आहे, आहे पण करंगळीएवढं आहे, हे सगळं ऐकून घ्यायचं, फॉर्म द्यायचा, भरलेला फॉर्म परत घ्यायचा, शिक्का मारून ट्रेमध्ये ठेवायचा. ट्रे कोण रिकामा करतं हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

त्यांचं नाव जनार्दन. ते जन्मले त्या वर्षी ज्याला ज्याला मुलगा झाला त्यानं हेच नाव ठेवलं, जशी काही साथच आली होती. शाळेत त्यांच्या वर्गात तीन जनार्दन होते: लांब्या, चष्मिष्ट आणि बाबा. बाबांच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते नुसते ‘तिसरा’. पुढे कार्यालयात सगळे त्यांना भाऊ म्हणायला लागले आणि सही ते ‘ज.’ एवढीच करत. नावाशी त्यांचा रोजचा संबंध असा उरलाच नव्हता.

मग नवीन साहेब आले आणि त्यांनी प्रत्येकासमोर पूर्ण नावाची पाटी लावायचं फर्मान काढलं. पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संस्कृतच्या एक निवृत्त बाई खिडकीशी आल्या. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि ही त्यांची चौथी खेप होती. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

“जन म्हणजे लोक,” बाई म्हणाल्या, “आणि अर्दन म्हणजे छळणं. जनार्दन, लोकांना छळणारा. आईवडिलांनी विचार करून ठेवलेलं दिसतंय.”

“म्हणूनच जनता बाहेर आणि जनार्दन आत!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली.

“फॉर्मवर मजला लिहायचा राहिलाय,” बाबा म्हणाले.

मला तेव्हा सातवा महिना होता. आमच्या घराचं रंगकाम निघाल्यामुळे मी आणि माझा नवरा आईबाबांकडेच राहत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री जेवताना बाबांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. एरवी ते न विचारता घेत. दुसऱ्या दिवशी ते कामावरून थेट वाचनालयात गेले आणि कागदाची एक चिठ्ठी खिशात घालून आले. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दुसरा अर्थ. लोक ज्याच्यापाशी मागतात तो.’

बाई पाचव्यांदा आल्या तेव्हा बाबांनी फॉर्मच्या आधी ती चिठ्ठी खिडकीतून बाहेर सरकवली.

बाईंनी ती नीट वाचली. “बरोबर आहे. हाही अर्थ होतो,” त्या म्हणाल्या. “पण मागितलेलं मिळतं, असं यात कुठं म्हटलंय?”

बाबा म्हणतात, त्या प्रश्नासाठी त्यांच्याकडे फॉर्म नव्हता.  त्यांनी खिडकीला ‘बंद’ची पाटी लावली, मागच्या खोलीत चहा पीत बसलेल्या फिटरला उठवलं आणि बाईंच्या पाठोपाठ त्यांच्या इमारतीत गेले. एकतीस वर्षांत कामाच्या वेळेत खिडकी सोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

तळघरात एक व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता आणि कुणीतरी त्याला तसाच भिंतीबरोबर हिरवा रंग फासला होता. फिटरनं दोन शिव्या दिल्या, पान्हा लावला, बारा मिनिटांत काम झालं. बाबा तिसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहत होता. बाईंनी पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला.

“घ्या. आता माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या.

बाबांनी उभ्याउभ्या पेला संपवला. घरी आल्यावर आम्ही खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पाणी बरं आहे तिथलं.”

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात रांग फाटकापर्यंत गेली आणि फॉर्म कुणालाच नको होता. सगळ्यांना बाबा हवे होते. साहेबांनी बाबांना लेखी विचारलं, खिडकी सोडून कुठे गेला होतात? बाबांनी लेखी उत्तर दिलं, ‘नावाच्या अर्थाची खात्री करून घ्यायला.’ त्यावर साहेबांनी काय करावं, हे नियमात नव्हतं. शेवटी मंगळवार आणि शुक्रवार दुपारनंतर बाबांनी फिटरबरोबर फिरावं, असं ठरलं.

इकडे आम्ही नावं शोधत होतो. माझा नवरा पाळणाघरात कामाला आहे. तिथे एकाच नावाची पाच मुलं आहेत. एकाला हाक मारली की पाच रांगत येतात. त्यामुळे त्याला कुणाचंच नसलेलं नाव हवं होतं. मी सहज जनार्दन शोधून पाहिलं. मोबाइलवर आलं: मूळ संस्कृत, अर्थ दोन, लोकप्रियता: गेल्या दहा वर्षांत नोंद नाही.

“नोंद नाही!” नवरा हरखून गेला. “ठरलं मग.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “पोराला नाव ठेवताय की नावं ठेवताय?”

“दोन्ही अर्थ चांगले आहेत, बाबा,” मी म्हणाले.

“दोन्ही नाहीत. दुसराच. आणि तो फार मेहनतीचा आहे.”

मुलगा झाला आणि तरीही आम्ही तेच ठेवलं. बाबा पहिले तीन महिने बाळाला हाक मारत नव्हते. आपणच आपल्याला बोलावल्यासारखं वाटतं, म्हणाले. आईची अडचण वेगळी होती. पस्तीस वर्षं ती बाबांना ‘अहो’ म्हणत आली होती, त्यांचं नाव तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. बाळाला ती सोनू, पिल्लू, लबाड असं काहीबाही म्हणून वेळ मारून नेत होती.

एका रविवारी दुपारी मात्र बाळानं तिला दोन तास दमवलं. मांडीवर झोपेना, खांद्यावर झोपेना. शेवटी तिचा तोल गेला.

“जनार्दन!” ती ओरडली. “पुरे झाला चावटपणा. डोळे मीट आणि गुपचूप झोप!”

बाळ हसायला लागलं. पलीकडच्या खोलीतून रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. मी डोकावून पाहिलं, तर बाबा पलंगावर पाय जुळवून उताणे पडले होते आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.