दादाचा सल्ला, माझं कुलूप

वाजू दे गं फोन. वाजू दे म्हणते ना! उचलायचाच नाहीये मला. कोणाचा आहे ते सांगते, पण आधी सगळं नीट ऐका, मध्ये मध्ये तोंड घालायचं नाही.

तर माझा मावसभाऊ. तोच, साहेब. ज्या कॉलेजात शिरायला मुलं जीव टाकतात तिथे त्याला पहिल्या फटक्यात मिळालं, आणि तेव्हापासून तो माणूस राहिलाच नाही. सुट्टीत घरी आला की मावशीच्या हॉलमध्ये दरबार भरतो. कोणाची मुलगी, कोणाचा भाचा, सगळे वह्या घेऊन हजर. आणि हा सोफ्यावर मांडी घालून सल्ले वाटतोय. "मुलाखतीत पाणी दिलं तर अर्धाच ग्लास प्यायचा. हसायचं, पण दात दाखवायचे नाहीत. तुमचा दोष काय विचारलं तर सांगायचं, मी फार जास्त मेहनत करतो." आणि लोक लिहून घेतात! दात दाखवायचे नाहीत, हे लिहून घेतात!

मलाही तिथेच जायचं होतं. तुम्हाला माहितीये, आठवीपासून दुसरं काही डोक्यातच नव्हतं माझ्या. मशिनी बनवायला शिकवणारं ते एकच कॉलेज, आणि घेतात चिमूटभर. मुलाखतीच्या पत्रात लिहिलेलं, तुमची एक वस्तू आणा आणि तिच्याबद्दल बोला. मी म्हटलं, झालं माझं काम! कारण माझ्याकडे कुलूप होतं.

बाबांचं दुकान पाहिलंय ना तुम्ही? किल्ल्या आणि कुलपं, बाहेर पत्र्याची मोठी किल्ली टांगलेली. तिथे मागच्या टेबलावर बसून मी अख्खं कुलूप बनवलं होतं. अख्खं! लिव्हर कानशीने घासून घासून बोटं सोलली माझी. एका बाजूचा पत्रा मुद्दाम कापून काढला, म्हणजे किल्ली फिरवली की आतले लिव्हर एकेक करून उचलले जाताना दिसतात. बाबांनी हातात घेऊन दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "अडकतंय जरा." बाबांकडून ही म्हणजे शाबासकीच.

तर मी ते घेऊन गेले साहेबांकडे. आईच म्हणाली, जा, दादाला विचार, त्याला कळतं. त्याने कुलूप असं धरलं, दोन बोटांत, मेलेला उंदीर धरतात तसं.

"हे नेणार?"

"हो."

"अगं ए, तिथे कोण येतात माहितीये का? त्यांना वाटेल चोराची पोरगी आलीय. घरात कप-बिप काही नाही?"

कप होता. वक्तृत्वाचा. उत्तेजनार्थ. हसू नकोस! साहेब म्हणाले, तोच ने, फक्त उत्तेजनार्थ लिहिलेली बाजू तुझ्याकडे ठेव. आणि पुढे ऐका, पुढचं तर कमालच आहे. म्हणाला, "हे कुलूप माझ्याकडेच ठेव. नाहीतर आयत्या वेळी तुला मोह होईल."

आणि मी ठेवलं! गाढव! ठेवून आले! किल्ली तेवढी माझ्या बॅगेला लटकवलेली होती, ती तशीच राहिली.

मुलाखतीचा दिवस. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीला लागून खुर्च्या, सगळ्यांचे चेहरे इंजेक्शन घ्यायला बसल्यासारखे. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण? बाहुली. साहेबांची सख्खी बहीण. मला माहीतच नव्हतं तिनेही अर्ज केलाय! मावशीने आमच्याकडे चकार शब्द काढला नव्हता. बाहुलीने मला बघितलं आणि मांडीवरची पिशवी पोटाशी ओढली. ओढली तशी ती वाजली. आणि तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

"उघड पिशवी."

"कशाला?"

"उघड म्हणते ना!"

माझं कुलूप! पॉलिश करून! मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून!

"दादा म्हणाला तुला नकोय," बाहुली म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"आणि आत काय सांगणार आहेस? तू बनवलंस?"

ती मखमल परत गुंडाळायला लागली.

"बरं, हे आत काय आहे ते तरी सांग."

"या... पट्ट्या."

"पट्ट्या! लिव्हर म्हणतात त्याला."

"लिव्हर," ती हळूच म्हणाली. मग परत, ओठातल्या ओठात, "लिव्हर, लिव्हर." पाठ करत होती! माझ्यासमोर! समोरच्या खुर्चीवरचे कोणाचे तरी वडील शूऽऽ करायला लागले, त्यांच्यावरही मी डोळे वटारले.

आणि मग तिची नजर माझ्या बॅगेवर गेली.

"ए, किल्ली हीच ना? दे ना. दादा म्हणाला होता हरवलीये."

"देते हं. उंबऱ्यात नाक घासलंस तरी देणार नाही."

तेवढ्यात शिपायाने तिचं नाव पुकारलं. ती उठली, पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. मी किल्ली मुठीत धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती तशीच आत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद, आणि लगेच माझं नाव.

आत तिघं. एक टक्कलवाले सर, एक मॅडम, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि एक तरुण, जो नुसता टाइप करत होता. मी कप ठेवला टेबलावर. उत्तेजनार्थ माझ्याकडे. मॅडमने तो उचलला आणि शांतपणे फिरवून उत्तेजनार्थ स्वतःकडे केलं. संपलं! मला दिसलं, माझी आठवीपासूनची सगळी वर्षं त्या टेबलावरून घरंगळत चाललीयेत. मग काय, मी किल्ली काढली आणि आपटलीच कपाशेजारी.

"ही माझी वस्तू. कप भावाने आणायला लावला."

"ही तर किल्ली आहे. कुलूप कुठे आहे?"

"आत्ता तुमच्यासमोरून बाहेर गेलं ना, ते."

टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. टक्कलवाले सर पुढे झुकले. "म्हणजे त्या मुलीला किल्ली तू दिली नाहीस?"

"नाही."

"का?"

"चोर आहे ती म्हणून! आणि तुम्हीपण सर, काय आणलंय तेवढं बघता. कोणी बनवलंय ते विचारलंत तिला?"

ओरडलेच मी. दात-बित सगळं दिसलं असणार. मॅडम उठल्या, दार उघडलं आणि बाहुलीला परत बोलावलं.

ती आली. मला वाटलं आता रडेल, माझ्यावरच ढकलेल. तर कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "हिचंच आहे. दादा म्हणाला हिला धड बोलता येत नाही, हिच्याकडे वाया जाईल." कुलूप टेबलावर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला ती तेव्हा अजिबात आवडली नाही हं, गैरसमज नको. पण ती खोटं बोलली असती तर मी काय करणार होते, तेही मला माहीत नाही.

मी किल्ली घातली. अडकलं! बाबा म्हणाले होते तसंच, अडकलं. मग मी सांगायला लागले का अडकतं ते, कुठला लिव्हर जास्त घासला गेला, स्प्रिंग कुठे कमी पडते, आता करायचं तर कसं करीन. सरांनी कुलूप ओढून घेतलं आणि स्वतःच फिरवत बसले. बाहेरच्या मुलांची रांग खोळंबली, तरी मला कोणी थांबवेना.

मिळालं. हो, ते तुम्हाला माहितीच आहे. बाहुलीला नाही मिळालं. मावशी आईशी बोलत नाही, आई माझ्याशी कमी बोलते, म्हणते सगळ्यांसमोर चोर कशाला म्हणालीस. आणि साहेब? साहेबांचा दरबार चालूच! परवा कोणाला तरी सांगत होता, "माझ्या मावसबहिणीला किल्ली वेगळी न्यायला मीच सांगितलं होतं. मुलाखतीत धक्का पाहिजे." मीच सांगितलं होतं!

हा बघा, परत वाजला. तोच आहे. साहेब सकाळपासून घराबाहेर उभे आहेत. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली. मावशी गावाला. बाबा दुसऱ्या कामावर, म्हणून बाबांनी मला पाठवलंय. ही बघा हत्यारांची पिशवी. निघालेच होते, तुम्ही भेटलात.

आणि वाटेत हा मेसेज आला. बाहुलीचा. त्या दिवसानंतरचा पहिलाच. वाचते, ऐका: "दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. त्याला सांगितलेलं नाही. तू पण सावकाश जा."

सरक जरा तिकडे. बसू दे मला.